जीवाणूंची जातीबाहेरची देवघेव

(बी. ए. द्वितीय वर्ष)

"ती गोळी आता अंगाला लागू पडत नाही, जरा जोराची द्या." औषधाच्या दुकानापाशी पाच मिनिटे उभे राहिले तर हे वाक्य हमखास कानी पडते. बोलणाऱ्याची समजूत अशी असते की, तंबाखूची किंवा चहाची व्हावी तशी शरीराला गोळीची सवय झाली. वस्तुतः शरीराला काहीच झालेले नसते. जे जीवाणू त्या गोळीने मरावयाचे, ते आता मरत नाहीत. गोळी तीच, माणूस तोच. बदललेले असतात ते जीवाणू. आणि ते त्या एका माणसापुरते राहत नाहीत.

हे जीवाणू बदलतात कसे? याचे एक उत्तर आपण शाळेत शिकलो आहोत. असंख्य जीवाणूंत एखादा जन्मतःच वेगळा निघतो. औषधाने बाकीचे मरतात, तो उरतो, आणि पुढे त्याचीच प्रजा माजते. हे उत्तर खरे आहे. आपल्याकडे बापाच्या मागे मुलांची नावे सातबाऱ्यावर लागतात, तसाच हा सरळ वारसा होय. परंतु या उत्तराने सगळा हिशेब जुळत नाही. एका औषधाविरुद्धचा असा बदल कोटीत एखाद्या जीवाणूत होतो असे धरू. मग चार निरनिराळ्या औषधांविरुद्धचे चार बदल एकाच जीवाणूत आपोआप जुळून यायचे, तर एकावर अठ्ठावीस शून्ये मांडावी लागतील एवढ्या जीवाणूंत तो एक सापडेल. म्हणजे व्यवहारात सापडू नयेच. आणि तरीही तो सापडला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात आमांशाने कहर मांडला होता. आमांशाच्या त्या जीवाणूचे नाव शिगेला. त्यावर प्रथम सल्फा औषधे दिली गेली आणि काही वर्षांतच ती निष्प्रभ ठरली. मग स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल व टेट्रासायक्लिन ही प्रतिजैविके आली. १९५५ साली हाँगकाँगहून परतलेल्या एका रुग्णाच्या शौचात या चारही औषधांना दाद न देणारा शिगेला मिळाला. पुढील दोन-तीन वर्षांत असे रुग्ण वाढत गेले, आणि डॉक्टरांच्या ध्यानात काही चमत्कारिक गोष्टी आल्या. एकाच रुग्णाच्या शौचात औषधाने मरणारा शिगेला असे आणि न मरणाराही असे. रुग्णाला औषध द्यावे एकच, आणि जीवाणू मात्र चारही औषधांविरुद्ध सज्ज व्हावा! तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्याच रुग्णाच्या आतड्यात एरवी निरुपद्रवीपणे राहणारा जो ई. कोलाय नावाचा जीवाणू, तोही त्याच चार औषधांना पुरून उरत होता.

१९५९ साली ओचिआई आणि अकिबा या शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी प्रयोग केला. औषधाला न जुमानणारा ई. कोलाय आणि औषधाने मरणारा शिगेला, दोघांना एकाच भांड्यात वाढविले. थोड्या वेळाने पाहतात तो काही शिगेला चारही औषधांना न जुमानणारे झालेले. गुण एका जातीने दुसऱ्या जातीला देऊन टाकला होता. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ साली या संशोधनाचा आढावा इंग्रजीत प्रसिद्ध केला, तेव्हा जपानबाहेरच्या जगाला याची नीट जाण आली. त्यांनी त्याला दिलेले नाव मोठे अर्थपूर्ण आहे. 'संसर्गाने येणारी आनुवंशिकता' असे त्याचे मराठी करता येईल. आनुवंशिकता म्हणजे रक्ताने येणारी आणि संसर्ग म्हणजे शिवाशिवीने येणारा, असा भेद आपण करीत आलो. येथे तो भेदच उरला नाही.

येथे कोणी शंका काढील की, ई. कोलाय आणि शिगेला हे तर भाऊबंदच. शंका रास्त आहे. आजचे आनुवंशिकीचे अभ्यासक या दोघांना जवळजवळ एकच जात मानतात. परंतु १९६९ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या एका रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांच्या जखमांतून स्यूडोमोनास हा जीवाणू मिळाला. तो ई. कोलायचा भाऊबंद नव्हे, फार लांबचा. त्याच्याजवळ जो औषधरोध होता तोच त्या विभागातील क्लेबसिएला आदी जीवाणूंजवळही निघाला, आणि तो प्रयोगशाळेत एकाकडून दुसऱ्याकडे जाताना दिसला. काही औषधरोध आपल्या नात्यागोत्यातच फिरतात, काही मात्र कोणाच्याही घरी पाहुणचार घेतात. आपल्या समाजात ज्याला रोटी-बेटी व्यवहार म्हणतात त्याला किती कुंपणे असतात ते सांगायला नको. जीवाणूंनी ती फार पूर्वीच ओलांडली आहेत.

ही देवघेव होते कशी? जीवाणूच्या पेशीत डीएनएचे एक मोठे कडे असते, ते त्याचे गुणसूत्र. जगण्यावाचून चालणार नाहीत अशा सगळ्या सूचना त्यात असतात. त्याखेरीज पुष्कळ जीवाणूंजवळ डीएनएची आणखी लहान, सुटी कडी असतात. त्यांना जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ साली 'प्लाझ्मिड' असे नाव दिले. जीवाणू एकमेकांशी आनुवंशिक द्रव्याची देवघेव करतात हे लेडरबर्ग व टेटम यांनी १९४६ सालीच दाखवून दिले होते. बर्नार्ड डेव्हिस यांनी १९५० साली इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराची काचेची नळी घेतली आणि तळाशी अशी गाळणी बसविली की, द्रव इकडून तिकडे जाईल पण जीवाणू जाऊ शकणार नाहीत. दोन बाजूंना दोन वाण ठेवले. देवघेव झाली नाही. म्हणजे एकाच पाण्यात असून भागत नाही, प्रत्यक्ष स्पर्श हवा. मला हा प्रयोग फार आवडला. नळी आणि गाळणी, एवढ्यावर केवढा प्रश्न सुटला!

स्पर्श होतो तो असा. ज्याच्याजवळ प्लाझ्मिड आहे तो जीवाणू केसाहून कितीतरी बारीक अशी नळी बाहेर काढतो. ती शेजाऱ्याला चिकटते आणि दोघे जवळ ओढले जातात. प्लाझ्मिडच्या दोन धाग्यांपैकी एक धागा ठरलेल्या जागी तुटतो आणि शेजाऱ्याच्या पेशीत सरकू लागतो. जो धागा गेला त्याची जोडी तिकडे तयार होते, जो राहिला त्याची जोडी इकडे. काही मिनिटांत दोघांजवळही पुरे प्लाझ्मिड असते. देणाऱ्याचे काही कमी झाले नाही. विद्या दिल्याने कमी होत नाही असे आपण म्हणतो तसेच. आणि घेणारा आता स्वतः देणारा झाला. या क्रियेला संयुग्मन म्हणतात.

आपणा विद्यार्थ्यांना ही गोष्ट नोट्सच्या वहीवरून चटकन कळेल. वसतिगृहात एकाजवळ चांगल्या नोट्स असल्या की, परीक्षेच्या आधी त्या कशा फिरतात ते सर्वांना ठाऊक आहे. एकाने उतरवून घेतल्या, त्याच्याकडून दुसऱ्याने, मग दुसऱ्या वर्गाने, मग दुसऱ्या महाविद्यालयाने. प्लाझ्मिड ही अशी वही आहे, आणि ती कशी उतरवून घ्यावी याच्या सूचनाही तिच्यातच लिहिलेल्या असतात. आता समजा त्या वहीत चार विषयांच्या नोट्स एकत्र आहेत. परीक्षा एकाच विषयाची असली तरी बाळगावी लागते सबंध वही. जपानात एक औषध दिल्यावर चारही औषधांचा रोध का दिसला, त्याचे उत्तर येथे आहे. टेट्रासायक्लिन पोटात गेले की टेट्रासायक्लिनला बाहेर फेकण्याची युक्ती ज्याच्याजवळ तो जीवाणू तगतो, आणि क्लोरॅम्फेनिकॉल निकामी करण्याची युक्ती त्याच वहीच्या पुढच्या पानावर असल्यामुळे तीही फुकटात टिकून राहते. ज्या औषधाला आपण हातही लावला नाही तेही आपल्या हातून जाते, ते असे.

वही बाळगणे जड असते हेही खरे. प्लाझ्मिडच्या प्रती काढण्यात जीवाणूची शक्ती खर्च होते. म्हणून औषध बंद केले की जीवाणू प्लाझ्मिड टाकून देतील आणि सगळे पूर्वपदावर येईल, अशी आशा एके काळी होती. ती फारशी फळास आली नाही. ओगुरा व हिरागा या जपानी संशोधकांनी १९८३ साली एका प्लाझ्मिडची विलक्षण योजना उजेडात आणली. पुढे तिचा उलगडा झाला तो असा. तो प्लाझ्मिड एक विष तयार करतो आणि त्यावरचा उताराही. विष टिकाऊ, उतारा अल्पायुषी. विभाजनाच्या वेळी ज्या पेशीला प्लाझ्मिड मिळाला नाही तिच्यातला उतारा लवकर संपतो, विष मात्र शिल्लक राहते. सावकाराने घातलेल्या अटीसारखा हा प्रकार आहे. शिवाय प्लाझ्मिडवरील जनुकांपैकी काही उड्या मारणारी असतात. एका प्लाझ्मिडवरून दुसऱ्यावर, तेथून गुणसूत्रावर, असा त्यांचा प्रवास चालतो. मक्यातील अशा जनुकांच्या शोधासाठी बार्बरा मॅक्लिंटॉक यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. औषधरोधाचे जनुकही तसेच उडते, हे हेजेस व जेकब यांनी १९७४ सालीच दाखविले होते. नोट्सची सुटी पाने एका वहीतून दुसऱ्या वहीत शिवावीत, तसे हे आहे.

मग हे सगळे प्रतिजैविकांनीच निर्माण केले काय? नाही. कॅनडातील मरे यांनी १९१७ ते १९५४ या काळात निरनिराळ्या देशांतून गोळा केलेले आतड्यातील जीवाणू जपून ठेवलेले होते. त्यांतील बहुतेक प्रतिजैविकांच्या आधीच्या काळातले. ह्यूज व नेओमी दत्ता यांनी ते तपासून १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या जीवाणूंजवळ एकमेकांना देता येतील असे प्लाझ्मिड होते. औषधरोध मात्र त्यांवर जवळजवळ नव्हताच. म्हणजे बैलगाड्या रस्त्यावर पूर्वीपासून धावत होत्या, माल आपण भरला. आणि तो तीस-चाळीस वर्षांत भरला.

देवघेवीला गर्दी लागते. आपल्या परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसात कुठकुठली माणसे एकत्र येतात. जिंतूरचा, सेलूचा, नांदेडचा आणि हैदराबादचा माणूस एका रांगेत उभा असतो. जीवाणूंचा असा उरूस म्हणजे माणसाचे आतडे, जनावराचे आतडे, रुग्णालयातील खाटा आणि सांडपाण्याची गटारे. आतड्यात शेकडो जातींचे जीवाणू अगदी दाटीने राहतात. साध्या सर्दीपडशाला, जे विषाणूमुळे होते आणि ज्यावर प्रतिजैविकाचा काडीचा उपयोग नसतो, कोणी तीन दिवस प्रतिजैविक घेतले तर सर्दीचे काही बिघडत नाही. पण आतड्यातले साधे जीवाणू मरतात आणि वहीवाले उरतात. आता एकही रोग नसलेल्या त्या माणसाच्या पोटात एक ग्रंथालय तयार झाले. उद्या तेथे खरा रोगजंतू आला की त्याला वही आयतीच मिळते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुंबईचे उदाहरण फार बोलके आहे. कार्बापेनेम ही प्रतिजैविके डॉक्टर अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात. २००८ साली स्वीडनमध्ये राहणाऱ्या एका मूळच्या भारतीय रुग्णाच्या लघवीत कार्बापेनेमला दाद न देणारा क्लेबसिएला मिळाला. तो आधी नवी दिल्लीत रुग्णालयात होता. त्या जीवाणूजवळ औषधाचा रेणू तोडणारे एक नवेच विकर निघाले. त्याला 'न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टामेज', थोडक्यात एनडीएम-१, असे नाव पडले. आणि येथेही जपानचीच कथा. त्याच रुग्णाच्या शौचातील ई. कोलायजवळही तेच जनुक होते, आणि दोघांतही ते प्लाझ्मिडवर होते. हा शोधनिबंध २००९च्या अखेरीस छापून आला.

त्याच २००९ सालच्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांत मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील प्रयोगशाळेने कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जीवाणू तपासले. २२ जणांजवळ एनडीएम-१ निघाले. ते बावीस एका जातीचे नव्हते. त्यांत १० क्लेबसिएला, ९ ई. कोलाय, २ एंटेरोबॅक्टर आणि १ मॉर्गानेला होता. माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म या चार आकड्यांत आहे. एकाच जातीचे बावीस असते तर एक रोगजंतू खाटेवरून खाटेवर पसरला, असे म्हणता आले असते. चार जातींत तेच जनुक निघाले, म्हणजे केवळ जीवाणू पसरला असे नव्हे, वहीदेखील फिरली होती. हात धुऊन आणि खाटा पुसून जीवाणूला अडविता येते. पण वही हातोहात गेली की अडवायचे कोणाला?

हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ही माहिती २०१०च्या मार्चमध्ये भारतीय डॉक्टरांच्याच नियतकालिकात छापली. त्यावर बाहेर कोणी अवाक्षर काढले नाही. ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट' समूहाच्या इंग्रजी नियतकालिकात चेन्नई, हरियाणा, पाकिस्तान आणि ब्रिटन येथील जीवाणूंविषयी लेख आला तेव्हा मात्र एकच गदारोळ झाला. रोगाला आमच्या राजधानीचे नाव का, परदेशी रुग्णांचा आमच्याकडील ओघ अडविण्याचा हा डाव आहे, वगैरे. नावाबद्दलचा राग समजण्यासारखा आहे. कोणत्याही गावाला असे नाव चिकटू नये. परंतु नावावरच्या भांडणात मुंबईचे ते चार आकडे झाकले गेले, याचे वाईट वाटते.

पुढच्याच वर्षी, २०११ साली, दिल्लीच्या पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रस्त्यांवर व गल्ल्यांत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये हे जनुक सापडले. ज्या जीवाणूंत ते मिळाले त्यांत पटकीचा आणि आमांशाचाही जीवाणू होता. म्हणजे वही रुग्णालयाच्या भिंतीबाहेर पडून गटारापर्यंत पोचली होती. प्रयोगशाळेत या प्लाझ्मिडांची देवघेव ३० अंश तापमानाला सर्वांत चांगली होताना दिसली. युरोपात ३० अंश म्हणजे उन्हाळा. परभणीत ती एरवीची दुपार आहे.

एक खुलासा येथे केला पाहिजे. औषधांना न जुमानणारा क्षय आपल्या राज्यात पुष्कळ चर्चेत असतो, आणि वाचकांना वाटेल की तोही याच मार्गाने आला. तसे नाही. क्षयाचा जीवाणू वह्यांच्या देवघेवीत पडत नाही. त्याचा औषधरोध त्याच्या स्वतःच्या गुणसूत्रात बदल होऊन येतो आणि बापाकडून मुलाकडे जातो. म्हणून क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडणे ही प्रामुख्याने क्षयाचीच गोष्ट राहते. पण जुलाबासाठी विनाकारण घेतलेले प्रतिजैविक ही जुलाबाचीच गोष्ट राहत नाही.

याचे ताजे प्रत्यंतर मुदतीच्या तापाने, म्हणजे टायफॉइडने, दिले आहे. आमच्याकडील म्हाताऱ्या माणसांना एकवीस दिवसांचा ताप अजून आठवतो. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल आले आणि त्या तापाची दहशत ओसरली. १९७२ साली मेक्सिकोत आणि आपल्याकडे केरळात कालिकत येथे क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणारा टायफॉइड उद्भवला. तो रोध प्लाझ्मिडवरचा होता. मग नवी औषधे आली, तीही एकेक करून हातची गेली. २०१६च्या अखेरीस पाकिस्तानात सिंधमधील हैदराबादेत असा टायफॉइड पसरू लागला की, नेहमीच्या जुन्या औषधांबरोबर सेफ्ट्रिअॅक्सोनही त्यावर चालेना. २०१८ साली शास्त्रज्ञांनी त्याचे डीएनए वाचले. टायफॉइडचा वाण त्या भागात आधीपासून असलेलाच होता. नवा होता तो प्लाझ्मिड, आणि तो बहुधा ई. कोलायकडून आलेला. ज्या जीवाणूला आपण निरुपद्रवी म्हणून सोडून देतो, त्याच्या घरातून ही वही आली. सिंध आणि मराठवाडा यांत अंतर पुष्कळ आहे. पण घरासमोरून वाहणारे उघडे गटार, त्यालगतचा नळ आणि गोळ्यांची पट्टी कात्रीने अर्धी कापून देणारे दुकान हे चित्र ओळखू येऊ नये इतके परके नाही.

पट्टीचा उल्लेख आला म्हणून सांगते. आमच्या घरात महाविद्यालयापर्यंत आलेली मी पहिलीच. त्यामुळे गल्लीतल्या बायका गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन माझ्याकडे येतात आणि 'हे काय लिहिलंय बाई, वाच' म्हणतात. अक्षर इंग्रजी आणि मुंगीच्या पायाएवढे. मी कला शाखेची, औषधाचे मला काय कळणार? पण पट्टीच्या कडेने उभी तांबडी रेघ असेल तर ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यावयाची नसते, एवढे मला सांगता येते. हे लोकांना कळावे म्हणून सरकारने २०१६ साली मोहीम काढली. त्याआधी, १ मार्च २०१४ पासून, महत्त्वाची प्रतिजैविके 'एच-१' या अनुसूचीत घालून दुकानदाराने विक्रीची नोंद ठेवावी असा नियम झाला. कात्रीने कापलेल्या पट्टीवर कधी रेघ येते, कधी ती दुसऱ्या तुकड्यावर राहून जाते.

जनावरांचीही गोष्ट निराळी नाही. कृषी विद्यापीठ आणि पशुवैद्यक महाविद्यालय असलेल्या आपल्या गावात तरी ती ठाऊक असली पाहिजे. कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यातून प्रतिजैविके देण्याची पद्धत जगभर पडली. कोलिस्टिन हे औषध कार्बापेनेमही हरल्यावर माणसाला देतात. त्याविरुद्धचे जनुक प्लाझ्मिडवर आल्याचे २०१५ साली चीनमध्ये प्रथम उघड झाले. ते डुकरांच्या ई. कोलायमध्ये मिळाले आणि रुग्णांतही मिळाले. भारत सरकारने २०१९च्या जुलैमध्ये खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांना कोलिस्टिन देण्यास बंदी घातली.

नवी औषधे शोधणे आवश्यक आहेच. परंतु जो उपाय मला सर्वांत शहाणपणाचा वाटला तो औषधाचा नाहीच. २०१८ सालच्या पावसाळ्यात नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉइडची नवी लस टोचली. सार्वजनिक आरोग्यसेवेतून ही लस देण्याचा देशातील हा पहिलाच प्रयत्न. ज्या मुलाला टायफॉइड झालाच नाही त्याला टायफॉइडसाठी प्रतिजैविक लागत नाही, आणि त्याच्या आतड्यातल्या उरुसाला कोणी धक्का लावीत नाही. लस अर्थात टायफॉइडपुरतीच आहे. त्याच मुलाच्या पोटातील ई. कोलायला ती शिवत नाही, आणि वह्या आहेत त्या तिथेच आहेत.